‘चिंतेच्या गोळ्या आजच फेका’ : हा सल्ला जिवावर बेतू शकतो

हा फॉरवर्ड कितीतरी जणांकडून येत होता आणि मी तो न वाचताच उडवत होते. परवा मावशीचा फोन आला. “अगं, मी रात्रीची ती गोळी बंद केली. हात थरथरतायत, पण त्यात लिहिलंय की हे चांगलं लक्षण आहे.” मावशी बरीच वर्षं क्लोनाझेपाम ही चिंतेवरची गोळी घेते. तिला आधी डॉक्टरांशी बोलायला लावलं आणि मग तो मजकूर शेवटपर्यंत वाचला.

तो असा: चिंतेच्या गोळ्यांचा खरा उपयोग शून्य, गिऱ्हाईक बांधून ठेवायला त्या काढल्यात. एकदा लागली की सुटत नाही. मेंदूला भोकं पडतात. तेव्हा आजच फेका, तीन दिवस घाम आणि थरथर होईल, ते साठलेलं विष बाहेर पडतंय. फारच जड गेलं तर गोळीपेक्षा दोन घोट दारू परवडली. खाली सही कुणा ‘तज्ज्ञा’ची, नाव नाही.

सवय लागते, हे खरं आहे. कबूल करायला जिवावर येतंय, पण खरं आहे. या गोळ्या म्हणजे बेन्झोडायझेपीन गटातली औषधं: अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम वगैरे. पहिलं औषध लिब्रियम या नावानं १९६० मध्ये बाजारात आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम (म्हणजे डायझेपाम) आलं, आणि आधीच्या बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांपेक्षा सुरक्षित म्हणून पुढची कित्येक वर्षं ती सढळ हातानं दिली गेली. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं १९८८ मध्ये बजावलं की चिंतेसाठी ती दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनं २०२० मध्ये व्यसन, शरीराला लागणारी सवय आणि सोडताना होणारा त्रास यांबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा या सगळ्या औषधांवर सक्तीचा केला. तरीही तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं पुढे चालू ठेवणारे डॉक्टर आहेत, आणि ‘ही किती दिवस घ्यायची?’ हे रुग्णाला कुणी सांगितलेलंच नसतं. तेवढ्यापुरता फॉरवर्डवाल्यांचा राग रास्त.

पण मग एका ओळीत ‘शरीराला सवय लागते’ आणि पुढच्याच ओळीत ‘आजच फेका’? पहिली ओळ खरी असेल तर दुसरी घातक आहे. एवढं लिहिणाऱ्याला कळू नये?

सवय लागते म्हणजे काय होतं ते बघा. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, चेतापेशींची खळबळ आवरणारं. गोळी त्याचा जोर वाढवते. रोज गोळी मिळत राहिली की मेंदू त्या वाढीव जोराला जुळवून घेतो आणि गाबाला दाद देणं कमी करतो. दाराला दोन्ही बाजूंनी दोघं रेटत असताना एकानं अचानक अंग काढून घेतलं, तर दुसरा तोंडावर आपटतो. गोळी एकदम बंद झाल्यावर मेंदूचं तसंच होतं. घाम, थरथर, छातीत धडधड, झोप उडणं, आवाज आणि उजेड सहन न होणं हे सगळं त्या आपटण्याचं. त्यात विष कुठेही नाही. पुढची पायरी म्हणजे भ्रम आणि आकडी. त्यात माणूस दगावूही शकतो.

आता ते ‘तीन दिवस’. डॉक्टर लिओ हॉलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. कित्येक महिने लिब्रियम घेणाऱ्या ११ रुग्णांना अचानक औषध नसलेली नकली गोळी सुरू केली. ११ पैकी १० जणांना नवा त्रास सुरू झाला. दोघांना आकडी आली, आणि ती सातव्या-आठव्या दिवशी! म्हणजे फॉरवर्डच्या हिशेबानं ‘शुद्ध’ होऊन चार दिवस उलटल्यावर. त्या रुग्णांचा डोस दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम, नेहमीच्या कितीतरी पट होता, हे सांगायला हवं. साध्या डोसवर आकडी क्वचित येते. पण बाकीचा त्रास साध्या डोसवरही होतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. आणि तो कधी सुरू होईल हे औषधावर ठरतं: अल्प्राझोलाम शरीरातून लवकर जातं, त्याचा त्रास एक-दोन दिवसांत दिसतो, डायझेपाम रेंगाळतं, त्याचा आठवड्यानंतरही दिसू शकतो. सगळ्यांना एकच तीन दिवसांचं वेळापत्रक लावणाऱ्यानं औषधाचं नावसुद्धा विचारलेलं नाही.

सोडायची पद्धत आहे, ती कंटाळवाणी आहे इतकंच. अमेरिकेत २०२५ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के उतरवायचा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. मावशीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आणि उतरवण्याचा तक्ता लिहून दिला. गोळी कापायची पात्याची डबी आणलीय. कधी तुकडा सरळ पडतो, कधी नुसता भुगा होतो आणि मावशी तो कागदावर गोळा करत डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडते. मोडू दे.

‘उपयोग शून्य’ यावर फार वेळ घालवत नाही. पाच मिनिटांपुढे न थांबणाऱ्या आकडीत जगभर पहिलं औषध याच गटातलं देतात. दारू सोडताना येणारे झटके यानंच आवरतात. कॅटाटोनियाचा रुग्ण, म्हणजे लाकडासारखा ताठ, ना बोलत ना खात, लोराझेपामच्या एका इंजेक्शननंतर काही मिनिटांत बोलू लागलेला डॉक्टरांनी पाहिलेला असतो. रोजच्या काळजीसाठी कायमची गोळी हा चुकीचा वापर झाला. त्यावरून औषधच निरुपयोगी कसं ठरतं?

मेंदूला भोकं पडत नाहीत. नवी आठवण पक्की होण्यात मात्र अडथळा येतो. काही तपासण्यांआधी याच गटातलं मिडाझोलाम देतात ते थोडं त्याचसाठी, तपासणीची आठवण राहू नये म्हणून. स्मृतिभ्रंशाबद्दल अभ्यासांचं एकमत नाही: कॅनडातल्या २०१४ च्या अभ्यासात संबंध दिसला, अमेरिकेतल्या २०१६ च्या अभ्यासात सर्वांत जास्त गोळ्या घेतलेल्यांमध्ये धोका वाढलेला आढळला नाही. शिवाय झोप उडणं आणि बेचैनी ही त्या आजाराची सुरुवातही असू शकते, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे ठरवणं अवघड. वृद्धांनी खरी काळजी करायची ती तोल जाऊन पडण्याची आणि खुब्याचं हाड मोडण्याची. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

राहिली दारू. ती मेंदूत याच गाबाच्या वाटेनं काम करते. गोळी अंगात असताना वर दारू घेतली की ग्लानी वाढते आणि श्वास मंदावतो. अफूवर्गातल्या वेदनाशामकांचंही तेच, म्हणून २०१६ मध्ये एफडीएनं त्या जोडीवर वेगळा इशारा दिला होता. आणि डायझेपामसारखी गोळी काल बंद केली तरी अंगात ती कित्येक दिवस असते. तुमच्या घरात कुणी हा फॉरवर्ड वाचून गोळी आधीच थांबवली असेल तर दारूनं ‘सांभाळून घेऊ’ नका, स्वतःच्या मनानं दुप्पट गोळीही देऊ नका. आजच डॉक्टरांना फोन करा. औषधाचं नाव, डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. बरळणं, नसलेलं दिसणं किंवा आकडी असेल तर फोनवर थांबू नका, सरळ इस्पितळात न्या.