एस्टेस पार्कचे एल्क आणि आमचा एल्क: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मित्राबरोबर धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलो, त्या पहिल्या खेपेवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताई मागच्या वर्षी मुलाकडे डेन्व्हरला आल्या होत्या. कोलोरॅडोतल्याच एस्टेस पार्क या गावी त्यांनी नातवासोबत एल्क पाहिले, गाडीपासून दहा पावलांवर निवांत चरणारे. इतक्या गरीब जनावराला बाण मारण्यात शौर्य कसलं, असं त्या विचारतात. खायला कमी नसताना हौसेखातर जीव का घ्यायचा? बंदुकीने निदान झटकन मरण येतं, बाण लागलेलं जनावर तडफडत राहतं. आणि १९७२ च्या कायद्याने ज्या देशात शिकार बंद झाली, तिथल्या माणसाने परदेशात जाऊन हे करावं आणि वर त्याला 'थरार' म्हणावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शेवटापासून सुरुवात करतो. 'थरार' हा शब्द चुकला. सवयीने लिहून गेलो. त्या संध्याकाळी जे झालं ते त्या शब्दात बसत नाही. काल तो लेखातून काढून टाकला.

शौर्याबद्दलही वाद नाही, ते लागतच नाही. पण एस्टेस पार्कवरून सगळे एल्क तसेच असतील असं धरू नका. लागूनच रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे शिकारीला बंदी. माणसापासून धोका नाही हे त्या जनावरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक झालंय. मुळात एकेकाळी तिथे एल्क उरलेच नव्हते. बाजारात मांस विकणाऱ्या शिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या तोंडाशी तो भाग जवळजवळ रिकामा केला होता. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनकडून काही एल्क आणून सोडले, तेव्हा कुठे पुन्हा कळप दिसू लागले. लांडगे मात्र संपलेले होते. मग एल्क इतके वाढले की विलो आणि ॲस्पेनची कोवळी झाडं उभीच राहीनात, बीव्हर या ओढ्याकाठच्या प्राण्याचं खाणं गेलं. २००८ मध्ये उद्यानाने वीस वर्षांची योजना केली: झाडांभोवती उंच कुंपणं घातली आणि काही हिवाळे कर्मचाऱ्यांनी व प्रशिक्षित स्वयंसेवकांनी बंदुकीने एल्क कमी केले. हे तुम्हाला गप्प करायला सांगत नाही. तुम्ही आणि नातवाने पाहिलेलं कुरण कशातून गेलंय ते तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

आम्ही गेलो ते व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात, फ्लॅट टॉप्स या पठाराच्या कडेला, दहा हजार फुटांवर. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा महिना. पहिले दोन दिवस नरांची साद नुसती ऐकली, जनावर दिसलं नाही. सगळा खेळ वाऱ्याचा, कारण माणसाचा वास लागला की एल्क पळतो. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढू लागते, सूर्य कलला की पुन्हा खाली. मित्राच्या हातात टाल्कम पावडरची छोटी बाटली असे. दर पाच मिनिटांनी तो चिमूटभर पावडर हवेत सोडायचा आणि ती कुठे जाते बघत थांबायचा. दुसऱ्या दिवशी साडेनऊला आमच्या डोळ्यांसमोर ती पावडर मधेच थबकली आणि उलटी वळली. अर्ध्या मिनिटात वरच्या झाडीत फांद्या मोडल्या, खुरं वाजली आणि सारं शांत.

आता तुमचा खरा प्रश्न. बाण लागलेलं जनावर तडफडतं का?

तडफडू शकतं, ताई. याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. गोळी धक्का देते, बाण कापतो. जनावर मरतं ते रक्त जाऊन. कोलोरॅडोत धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, किमान ३५ पौंड आणि बाणाचं पातं किमान सात अष्टमांश इंच रुंद लागतं, ते त्यासाठीच. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर काही सेकंदांत जनावर कोसळतं. पोटात लागला तर तासन्‌तास लागतात, आणि कधी ते सापडतच नाही. माझ्या मित्राचा असा एक एल्क काही वर्षांपूर्वी हरवला. दोन दिवस त्याने रान पिंजून काढलं. जखमी जनावराचा माग काढायचा मनापासून प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक आहेच. पण शोध संपल्यावर त्याने त्या वर्षाचा परवाना वापरला गेला असं धरलं आणि घरी आला, तसं करायला कुणी सांगितलेलं नसताना. ही गोष्ट त्याने मला पहिल्या रात्री तंबूत सांगितली, दुसरं काही शिकवायच्या आधी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने एक नर मारला, चोवीस यार्डांवरून. मी मागे पंधरा पावलांवर बसून मादीचा आवाज काढत होतो. नर ॲस्पेनमधून आडवा बाहेर आला. दोरी सुटल्याचा आवाज ऐकला, मग ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा एक आवाज. नराने उडी घेतली, पळाला. मित्राने मला खुणेने बसवलं. पूर्ण एक तास आम्ही जागचे हललो नाही, कारण लगेच मागे गेलं तर घायाळ जनावर मैलभर पळतं. तो तास मला फार जड गेला. अंधार पडल्यावर डोक्यावरचे दिवे लावून माग घेतला. पहिलं रक्त ॲस्पेनच्या पिवळ्या पानावर होतं, फिकट गुलाबी, बारीक बुडबुड्यांचं. मित्राने पान दिव्याजवळ धरून मला दाखवलं आणि पहिल्यांदा श्वास सोडला. बुडबुडे म्हणजे फुप्फुस. गडद रक्त असतं तर यकृत, हिरवट घाण असती तर पोट, आणि मग आम्ही सकाळपर्यंत पुढे गेलो नसतो. एकशे दहा पावलांवर तो पडलेला होता. बहुधा उडी घेतल्यावर मिनिटभरातच गेला असावा. मी त्याच्या मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. नंतर रात्री दोनपर्यंत आम्ही कापत होतो आणि फारसं बोललो नाही.

माझं स्वतःचं सांगतो. एप्रिलपासून रोज तीस बाण मारत होतो. तीस यार्डांवर सगळे बाण जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसायचे, चाळीसवर दोन-तीन बाहेर जायचे. म्हणून मी माझी हद्द तीस ठरवली. हा आकडा कुठल्याही नियमात नाही. तिसऱ्या सकाळी एक नर समोर आला, अगदी आडवा उभा, सहा फाट्यांची शिंगं. अंतर मोजलं: सेहेचाळीस. तो अजून येईल म्हणून दोरी ओढून धरली. मिनिट गेलं, हात थरथरायला लागले, तो तिथेच. दोरी हळूहळू सैल केली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि झाडीत गेला. या खेपेला मी एकही बाण सोडला नाही. लेखात हे एका वाक्यात उरकलं होतं, ते सविस्तर लिहायला हवं होतं. तुम्ही जे विचारताय त्याचं बरंचसं उत्तर त्या एका मिनिटात आहे.

हौस होती का? होती. नाकारत नाही. मांस मात्र वाया गेलं नाही. चारही पाय, पाठीचं आणि आतलं मऊ मांस तरी माणसांच्या खाण्यासाठी बाहेर आणलंच पाहिजे असा इथे नियम आहे. सुमारे नव्वद किलो निघालं. पाच किलोमीटर चढ-उतारावरून दोघांनी दोन-दोन खेपांत पाठीवर वाहिलं. आमच्या घरी त्याचा रस्सा झाला आणि बायकोने वाटण आपल्या मटणासारखंच घातलं. एल्कला चरबी कमी, त्यामुळे मंद आचेवर जास्त वेळ शिजवावं लागतं.

भारतातल्या बंदीवर माझा एका शब्दाचाही वाद नाही. ती असलीच पाहिजे. आपल्याकडे रानं तुटपुंजी, जनावरं मोजकी. इथे एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. परवाने कधी आणि किती द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला नसेल तर मला परवाना मिळत नाही. माझ्या धनुष्याच्या किमतीत अकरा टक्के केंद्रीय कर होता, तो १९३७ च्या एका कायद्यान्वये वन्यजीव संवर्धनालाच जातो.

एक मात्र तुमच्या मनातलं बोलतो. एस्टेस पार्कला सॅम्सन नावाचा एक नर होता, सगळ्यांचा लाडका, माणसांना सरावलेला. १९९५ मध्ये एका चोरट्या शिकाऱ्याने त्याला क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारख्या धरायच्या धनुष्याने, मारलं. लोक इतके खवळले की १९९८ मध्ये राज्याने त्याच्याच नावाने कायदा केला आणि अशा चोरट्या शिकारीचा दंड जबर वाढवला. 'गरीब जनावराला बाण' हे तुमचे शब्द वाचले तेव्हा मला आधी तोच आठवला. माझ्या मित्राला ती गोष्ट सांगताना आजही राग आवरत नाही.

नातवाला घेऊन पुन्हा याल तेव्हा सप्टेंबरच्या शेवटी या. उद्यानात मोरेन पार्क नावाचं मोठं कुरण आहे. त्या दिवसांत संध्याकाळी पाचनंतर कुरणात पाय ठेवायला बंदी असते, म्हणून रस्त्याकडेलाच गाडी बंद करा, काचा खाली घ्या. नराची साद खालच्या सुरात सुरू होते, चढत चढत शिट्टीसारखी होते आणि शेवटी दोन-तीन हुंकार देऊन थांबते. नातवाला आधी सांगू नका कोण ओरडतंय ते. तिथे धनुष्य घेऊन मला येता येत नाही, आणि ते तसंच राहावं असं मलाही मनापासून वाटतं.