आलंच की!

माझ्या मेहुण्याच्या मते डोंगराचे दोनच प्रकार असतात : 'सोपा' आणि 'तसा सोपाच'. कळसूबाई दुसऱ्या प्रकारात मोडतं. "अरे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते, १६४६ मीटर," मी म्हटलं. त्यावर म्हणाला, "दाजी, ते समुद्रापासून मोजतात. त्यातला बराचसा कसारा घाटात गाडीच चढून देते. आपल्या वाट्याला उरतं किती?"

उरलेलं बारी गावात सुरू होतं. भातखाचरं संपेपर्यंत मी गाणं म्हणत होतो, असं नंतर इतरांकडून कळलं. पुढे बोलण्याइतका श्वास माझ्याकडे शिल्लक नव्हता आणि ज्यांच्याकडे होता ते सगळे एकच बोलत होते : "आलंच की!"

या 'आलंच की'चे पोटभेद असतात. उतरणारी कॉलेजची पोरं ते भूतदयेने म्हणतात. सरबताच्या टपरीवाला "आलंच, पण बसा जरा" म्हणतो, त्यात धंदा आहे आणि मला तो मान्य आहे. मेहुणा ते माझ्याकडे न बघता म्हणतो. खरं म्हणाल तर प्रामाणिक 'आलंच' मी एकदाच ऐकलं. डोक्यावर ताकाचा हंडा आणि पायात साध्या चपला घालून एक मावशी मागून आल्या, "हे काय, आलंच की दादा," म्हणाल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. त्यांच्यासाठी ते आलेलंच होतं. माझे बूट मात्र महागाचे होते, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

मग शिड्या आल्या. एके काळी हे कातळटप्पे लोक कसे चढत असतील याचा विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण पावसाळ्यातला रविवार होता आणि रांग हलत नव्हती. लोखंडी शिडीच्या मध्यावर पुढच्या काकांनी थांबून सेल्फी काढायला घेतला. माझ्या नाकासमोर त्यांची टाच, खाली दरी, आणि मागे फिरावं म्हटलं तर पाठीशी संध्याकाळची विरार लोकल उभी. वैराग्य येण्यासाठी हिमालयात जायची गरज नसते, हे मला तिथेच पटलं.

टपरीवर भजी खाताना कळसूबाईची दंतकथा कळली. काळसू नावाची कोळ्याची मुलगी कामाला राहिली ती अट घालूनच : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. पुढे घरात पाहुणे आले आणि एकदा तिला तीच कामं करायला लावली. ती तडक उठली आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची. त्या दिवशी डोंगरावर आलेल्या गर्दीत सबळ कारण असलेली ती एकटीच, असं माझं मत झालं. बाकीच्यांना इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचा होता. मला तर तेवढंही कारण नव्हतं.

माथ्यावर छोटंसं देऊळ आहे आणि बाकी सगळं ढग होतं. मेहुण्याने हात लांबवून दाखवायला सुरुवात केली. "तो अलंग, तो मदन, शेजारी कुलंग. तिकडे रतनगड. आणि खाली बघा, भंडारदऱ्याचं पाणी!" पाचही दिशांना सारखाच पांढरा रंग होता. मी "वा!" म्हणालो. माझ्या शेजारचे एक गृहस्थही "वा!" म्हणाले आणि त्यांनी त्या पांढऱ्याचा फोटो काढला.

उतरताना गुडघ्यांनी आपापला वेगळा संसार थाटला. वाटेत एक घामाघूम गृहस्थ भेटले. "किती राहिलंय हो?" मी म्हटलं, आपण तरी खरं बोलावं. "अजून दीड तास." ते खालीच बसले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवून दरी बघू लागलो. मागून मेहुणा आला आणि म्हणाला, "आलंच की काका!" गृहस्थ उठले, पँट झटकली आणि चालू लागले.

रात्री घरी सिंकमध्ये भांडी दिसली तेव्हा मी बायकोला काळसूबाईची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून, तिच्या अटीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे केर आणि भांडी सोडून बाकी सगळी कामं करायची ना ती?" तिने विचारलं. "चालेल. कपडे मशीनमध्ये आहेत, वाळत घाल. आणि उद्याची भाजी निवडून ठेव."