पार्कात जायला तिकीट नाही

आई सांगलीहून अटलांटाला आली त्याला आता तीन महिने होतील. पहिले दोन आठवडे तिचे फार वाईट गेले, गाडी चालवता येत नसेल तर इथे माणूस घरातच अडकतो ना, साधी कोथिंबीर आणायची तरी मी ऑफिसातून येईपर्यंत वाट बघायची. मग तिला मागच्या पार्कचा रस्ता दाखवला आणि तेव्हापासून रोज साडेसातला बूट घालून तयार! तिथे एक कोरियन आजी भेटतात, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही तरी तीन राऊंड सोबत मारतात. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "आत जायला काय द्यावं लागतं गं?" काहीच नाही म्हटलं तर तिला खरंच वाटेना.

पण पूर्वी इथे पार्कात जायला कातडीचा रंग बघायचे. आमच्यापासून दीड तासाच्या आत मेकन गाव आहे. तिथल्या ऑगस्टस बेकन नावाच्या सिनेटरने 1911 च्या मृत्युपत्रात गावाला पार्कसाठी जमीन ठेवली, अट अशी की फक्त गोऱ्या बायकामुलांसाठी. 1966 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, असा भेदभाव चालणार नाही. मग काय व्हावं? पार्क सगळ्यांना खुलं व्हायच्याऐवजी जमीन बेकनच्या वारसांकडे परत गेली, कारण अट पाळता येत नाही तर देणगीच रद्द, आणि 1970 ला त्याच कोर्टाने ते मान्य केलं. शेजारच्या अलाबामात माँटगोमेरी शहराने तर 1959 ला सगळी पार्कच बंद करून टाकली, ओक पार्कातला स्विमिंग पूल माती टाकून बुजवला. पार्क 1965 ला उघडली, तो पूल कधीच नाही. काळ्या पोरांसोबत एका पाण्यात उतरायला नको म्हणून गोऱ्या पोरांचाही पूल घालवला! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ सुन्न बसून होते.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आपण सगळे फोटो काढायला जातो, तिथेही सेनेका व्हिलेज नावाची काळ्या लोकांची वस्ती होती, स्वतःची घरं, चर्च, शाळा असलेली, 1857 मध्ये पार्कसाठी ती उठवली.

आणि आता बेघर लोकांचा विषय. ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावात पार्कात पांघरूण घेऊन झोपलं तर दंड, आणि 2024 ला सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने असा दंड करायला परवानगी दिली. मलाही लहान मुलगा आहे, घसरगुंडीखाली नशेच्या इंजेक्शनची सुई सापडली तर माझाही जीव घाबरतो, ती काळजी खोटी नाहीये. पण ज्याला घरच नाही त्याला दंड करून तो कुठे जाणार, पुढच्या गावच्या पार्कातच ना? त्याला आधी डोक्यावर छप्पर द्या, पार्कात रात्रभर चालू राहणारं टॉयलेट द्या. बाकड्याच्या मधोमध लोखंडी दांडा बसवला की तिथे कुणी आडवं होऊ शकत नाही हे खरं, पण रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच राहतो.

इथल्या आपल्या मराठी मंडळींना एवढंच सांगते, गुढीपाडव्याची नाहीतर कोजागिरीची पिकनिक करायला आपण कौंटी पार्कचा शेल्टर, म्हणजे पिकनिकचा छपराचा मांडव, बुक करतो, तसं पार्कच्या बजेटची मीटिंग असेल तेव्हाही जा. सिटी कौन्सिलसमोर दोन-तीन मिनिटं बोलता येतं, नागरिक नसलात तरी. आमच्याकडची पुढच्या महिन्यात आहे, मी जाणार आहे, आई म्हणतेय मीपण येते.