‘डॉट कॉम सोडा, डॉट को घ्या’ : खुलासा

‘वेबसाइटचा पत्ता जितका छोटा, तितकं गूगलवर वर, म्हणून डॉट कॉम सोडून डॉट को घ्या,’ असा मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. शेवटी कॉम आहे की को, यावर गूगलचा क्रम ठरत नाही.

को हे मुळात कोलंबिया देशाचं एक्स्टेंशन, म्हणजे वेबपत्त्याचं शेवटचं अक्षरचिन्ह. २०१० मध्ये ते जगभर खुलं झालं. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक या मोठ्या ऑनलाइन दुकानाने २०११ मध्ये स्वतःला ‘ओ डॉट को’ म्हणवून घेतलं, ओकलंडच्या स्टेडियमलाही तेच नाव दिलं. पण जाहिरात बघून लोक सवयीने ‘ओ डॉट कॉम’ टाइप करत, आणि तिथे काहीच नव्हतं! त्याच वर्षी कंपनी जुन्या नावाकडे वळली.

नवा व्यवसाय असेल तर को जरूर घ्या. जम बसलेल्यांनी हवं तर तेही घेऊन जुन्या साइटकडे वळवावं. पण कृपा करून जुनं डोमेन, म्हणजे साइटचा जुना पत्ता, सोडू नका. मुदत संपली की ते कुणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या पत्त्यावरचे तुमचे ईमेल, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसकट, त्याच्या हाती पडू शकतात.