टाकी सफाईबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा शेरा काल रात्री वाचला. एक तारा आणि त्याखाली तक्रारी: माणसं दीड तास उशिरा आली, दिवसभर पाणी बंद राहिलं, रात्री स्वयंपाकघरातल्या नळाला औषधाचा उग्र वास आला, आणि पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडा सफाईआधी ४१२ होता तो नंतर ४१५ निघाला, म्हणजे टाकी साफ केलीच नाही, ही सरळ फसवणूक आहे. दुसऱ्या दिवशी मुलीचं पोट दुखलं, हेही तुम्ही लिहिलंय.

आधी माफी मागतो. उशीर झाला हे कबूल. आधीच्या घरी जमिनीखालची टाकी निघाली, ती उपसण्यात वेळ गेला, पण तुम्हाला एक फोन करायलाच हवा होता. वासाची चूकही आमचीच. गच्चीवरची टाकी दोनदा धुऊन काढली, बाथरूमचे नळ सोडले, पण स्वयंपाकघराकडे जाणारी लाईन मोकळी करायची राहिली. औषधाचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पाणी त्या पाइपात तसंच उभं होतं आणि तुम्ही नळ सोडल्यावर पहिलं तेच आलं. आमच्या मुलाने त्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन दाखवणारी तपासणी, केली असती तर पाणी गर्द पिवळं-नारिंगी झालं असतं आणि चूक तिथेच कळली असती. त्याने ती केली नाही. मुलीचं पोट कशामुळे दुखलं हे मी सांगू शकत नाही, पण वाचून जीव खाली-वर झाला. ती आता बरी असावी.

‘फसवणूक’ हा शब्द मात्र मला रात्रभर टोचत राहिला. तो तुम्ही मीटरच्या त्या दोन आकड्यांवरून लिहिलात, म्हणून त्याबद्दल सविस्तर बोलतो.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड, सल्फेट वगैरे. टाकी घासली म्हणून हे क्षार कमी होत नाहीत, कारण ते पाण्यासोबतच येतात. ते कमी करायला आरओ लागतं. आमचं काम टाकीतला गाळ, शेवाळ आणि जंतू काढायचं. जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत. दहा लिटरच्या बादलीत एक ग्रॅम मीठ टाकून बघा, आकडा शंभराच्या आसपास वाढेल, आणि पाणी पिण्याजोगंच राहील. त्याच बादलीत गटाराचं चमचाभर पाणी पडलं तर आकडा जेमतेम हलेल, पण ते पाणी कुणी पिऊ नये. ४१५, म्हणजे लिटरला साधारण ४१५ मिलिग्रॅम क्षार, हा आकडा तसा वाईटही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चवीला चांगलं मानलंय. घरोघरी हे पेनासारखे मीटर आल्यापासून लोक आकडा बघून पाणी चांगलं की वाईट ठरवतात. त्यात तुमचा दोष नाही, पण त्या आकड्यावरून आम्हाला चोर ठरवू नका.

सफाई झाली की नाही, याचा पुरावा तुमच्याच घरातला आहे. हे चारचौघांत लिहायचं नव्हतं, पण तुम्ही ‘काही केलंच नाही’ असं लिहिलंत. टाकीचं झाकण एका बाजूने फुटलेलं होतं, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नव्हती, आणि तळाशी दोन बोटं गाळ होता. त्यात पाखरांची पिसं होती. गाळ बादलीत भरून खाली आणला तेव्हा तुमच्या सासूबाईंनी स्वतः पाहिला. सफाई सुरू करण्याआधी मुलाने त्या टाकीच्या नळाचं पाणी एचटूएसच्या, म्हणजे जंतू तपासायच्या, बाटलीत भरून ठेवलं होतं. ती बाटली माझ्या टेबलावर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाईसारखी काळी झाली. काळी झाली म्हणजे पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता असते.

आता दिवसभर पाणी बंद राहिल्याबद्दल. टाकी घासून झाली की तिच्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन राहील इतकी ब्लीचिंग पावडर घालून २४ तास तसंच ठेवायचं असतं. घाई असेल तर मात्रा दुप्पट करून ८ तास. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे येणार आहेत, आजच्या आज उरका, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून हजार लिटरला ३०० ग्रॅम ताजी पावडर तुमच्यासमोर काट्यावर मोजून घातली. दुपारी एकला घातली, ती रात्री नऊला काढली. आम्ही दीड तास उशिरा आलो नसतो तर हे साडेसातलाच उरकलं असतं, हेही खरं. आणि रात्रीच्या घाईतच ती लाईन राहिली.

काही जण टाकी पांढरी दिसावी म्हणून आत अॅसिड ओततात. आम्ही कधीच ओतत नाही. अॅसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तुमच्या बाथरूममध्येही ही दोन्ही कधी एकत्र वापरू नका, हे कळकळीने सांगतो.

आम्ही तिघेच काम करतो. तुमचा शेरा आल्यापासून दोन घरांनी ठरलेली सफाई रद्द केली. आमचं गाव लहान आहे, इथे एक शब्द लगेच सगळीकडे जातो. तुम्ही शेरा काढा असं मी म्हणणार नाही. निदान ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा पुन्हा विचारात घ्यावा.

आमच्याकडून यापुढे प्रत्येक नळावर टेस्ट होईल, उशीर होणार असेल तर आधी कळवू, बाकीही जमेल तशी सुधारणा करतोय. मुलाला समज दिली आहे.

सफाईनंतरची बाटली भरायची राहिली, कारण दुसऱ्या दिवशी मुलगा आला तेव्हा तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवलंत. तुमचा राग मी समजू शकतो. पाणी तपासून होईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. तुम्ही सांगाल त्या वेळी मी स्वतः येतो. लाईन मोकळी करतो, जाळी बसवतो, झाकणाचं बघतो, पैसे काही नकोत. नंतर तुमच्यासमोर नव्या बाटलीत पाणी भरू. बाटलीवर तारीख तुमच्या हाताने घाला आणि दोन दिवस ती तुमच्याच घरी ठेवा.