फरच्या सोंगाला इस्त्री? मेहेरबानी करा!

जत्रांचा हंगाम आटोपून कोकणातल्या दशावतारी नाटक कंपन्यांचे पेटारे बांधायची वेळ आली की एक मेसेज फिरायला लागतो: ‘फरचा ड्रेस कडकडीत पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, केस विस्कटले तर हलकी इस्त्री फिरवा, मग डांबरगोळ्या घालून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा. नव्यासारखा राहील.’ ट्रिकसीनवाल्यांकडे, म्हणजे रंगमंचावर चमत्काराची दृश्यं दाखवणाऱ्या कंपन्यांकडे, सिंह, वानर, जांबुवंत अशी महागामोलाची सोंगं असतात. म्हणून हा खटाटोप.

कडकडीत पाणी आणि इस्त्री या दोन सल्ल्यांनी सोंग कायमचं जातं. हा फर बहुतेक करून ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकचाच धागा. उष्णता लागली की केसांची टोकं आखडतात, गुंतवळ होते आणि हात फिरवला तर काथ्यासारखं लागतं. मग कितीही विंचरा, उपयोग शून्य. हेअर ड्रायरचा गरम झोतही त्यातलाच. थंड पाणी, थोडा पातळ साबण, पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं. विहीर मचूळ असेल तर शेवटी गोड्या पाण्यातून काढा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत बसतं. गुंता सोडवायला कुत्र्यांचा तारेचा ब्रश चांगला. मुळाशी केस धरून टोकाकडून सुरुवात करा.

उन्हाचं म्हणणं अर्धं खरं. ॲक्रिलिक ऊन बऱ्यापैकी सोसतं, पण आतला फोम पिवळा पडून भुगा होतो. सोंग उलटं करा आणि सावलीत, वाऱ्यावर आडवं पसरा. ओलं टांगलंत तर स्वतःच्या वजनानेच खांद्यात ओघळतं.

डांबरगोळ्या कशासाठी, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. कसर लोकर खाते, रेशीम खाते. प्लास्टिकचा धागा तिचं अन्नच नव्हे. उलट या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने थर्माकोल खराब होतो, आणि मुखवट्याचा साचा अनेकदा त्याचाच असतो. वर तो वास नाकाशी घेऊन नटाने रात्र काढायची!

राहिलं प्लास्टिक. कोकणात आषाढ-श्रावणात हवाच ओली असते. धाग्याला बुरशी सहसा लागत नाही, पण अस्तरातला घाम, धूळ आणि सरस तिला पुरतात. घट्ट पिशवीत आतला ओलावा आतच कोंडतो. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, उघाडी मिळाली की काढून झटका. कुबट वास आलाच तर स्पिरिटमध्ये पाणी मिसळून अस्तरावर हलकं फवारा. आधी कोपऱ्यावर रंग जातो का बघा आणि समई-मशालीपासून लांब राहा. ॲक्रिलिक पेटतं, हे रंगमंचावर शोभेची दारू उडवणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावं.

इस्त्री फिरवून झालीच असेल, तर तेवढा तुकडा बदला. कापताना कात्री नको. मागच्या बाजूने ब्लेडने फक्त कापड चिरा, म्हणजे केस तुटत नाहीत. नवा तुकडा लावताना केसांची दिशा जुळवा, जोड दिसत नाही.