‘टाइमआउट शून्य ठेवा, बाकीचे स्विच पाहून घेईल’ या सल्ल्याचा प्रतिवाद

एसडीएन (सॉफ्टवेअरने चालवलेले नेटवर्क; यात ‘कंट्रोलर’ हा मध्यवर्ती प्रोग्रॅम स्विचना नियम पाठवतो) शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत: ओपनफ्लो (कंट्रोलर आणि स्विच यांच्या संवादाचे मानक) वापरणाऱ्या स्विचच्या टेबलातील प्रत्येक नोंदीचे, म्हणजे नियमाचे, दोन्ही टाइमआउट (वापराविना नोंद किती वेळ ठेवायची तो ‘आयडल’ आणि तिच्या एकूण आयुष्याचा ‘हार्ड’) शून्य ठेवले की नियम कायमचे बसतात आणि कंट्रोलरवरचा भार संपतो; टेबल भरलेच तर स्विच सर्वांत जुनी नोंद आपोआप काढतो; प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एकमेकांशी संबंधित पॅकेटांच्या ओघाला, स्वतंत्र, तंतोतंत नियम दिल्यास नियंत्रण वाढते; आणि टेबलाची मर्यादा मेमरी वाढवून सुटते. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका नवख्या सहकाऱ्याने हा मजकूर प्रमाण मानून स्विचची मांडणी तयार करायला घेतली, म्हणून उत्तर देणे भाग पडले.

दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. टेबलात जागा नसताना नवी नोंद आली, तर स्विचने ती नाकारावी आणि ‘टेबल फुल’ या कोडचा त्रुटीसंदेश कंट्रोलरला पाठवावा, असे ओपनफ्लो १.३ च्या स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिले आहे. संदेश लिहिणाऱ्याने ते एकदा उघडून पाहिले असते, तरी हा दावा त्याच्या हातून लिहिला गेला नसता. नोंदी हुसकावण्याची सोय २०१३ मधील १.४ आवृत्तीत आली हे खरे. पण ती ऐच्छिक आहे, प्रत्येक टेबलासाठी मुद्दाम सुरू करावी लागते, आणि कोणती नोंद जाईल हे वय पाहून नव्हे, तर नोंदीला दिलेले महत्त्व, तिचे उरलेले आयुष्य किंवा स्विचचे स्वतःचे निकष यांवरून ठरते. ज्या नोंदींना टाइमआउटच नाही त्यांचे उरलेले आयुष्य कशावरून मोजणार, हा प्रश्न संदेशकर्त्याला पडलेला दिसत नाही.

टेबल भरल्यावर प्रत्यक्षात काय घडते, तेही पाहू. नव्या प्रवाहाचे पहिले पॅकेट कोणत्याच नियमाशी जुळत नाही, म्हणून टेबल-मिस नोंदीमुळे (न जुळणाऱ्या पॅकेटचे काय करायचे ते सांगणारा नियम) ते पॅकेट-इन संदेश होऊन कंट्रोलरकडे जाते. कंट्रोलर नियम पाठवतो आणि ते पॅकेट पॅकेट-आउट संदेशाने पुढे ढकलतो. नियम नाकारला जातो, पण पॅकेट पोहोचते; दुसऱ्या पॅकेटची तीच गत, तिसऱ्याचीही तीच. परिणामी पिंग चालते, जोडणी सुदृढ वाटते, मात्र मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळे रखडते, कारण प्रत्येक पॅकेट स्विचच्या संथ प्रोसेसरमधून कंट्रोलरपर्यंत हेलपाटा घालते. कंट्रोलरवरील अॅप्लिकेशन त्रुटीसंदेश वाचतच नसेल, तर त्याच्या समजुतीप्रमाणे नियम केव्हाच बसलेला असतो. ज्या उपायाने कंट्रोलरवरचा भार संपणार होता, त्यानेच तो असा वाढतो.

पहिल्या दाव्यात अर्धसत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. फार आखूड टाइमआउट ठेवल्यास तीच नोंद पुन्हा पुन्हा काढावी आणि घालावी लागते. शिवाय टेबल-मिस, एलएलडीपी (शेजारची उपकरणे ओळखण्याचा प्रोटोकॉल) यांसारखे पायाभूत नियम कायमचे असणेच योग्य. पण तेवढ्यावरून प्रत्येक प्रवाहाची नोंद अमर करणे हा शुद्ध अविचार आहे. केवळ गंतव्य पत्त्यावर जुळणारी कायमची नोंद असताना यंत्र दुसऱ्या पोर्टवर हलवले, तर त्याच्याकडे जाणारी पॅकेट जुन्या पोर्टकडेच जात राहतात. ती नियमाशी जुळत असल्याने कंट्रोलरला त्यांचा पत्ताही लागत नाही. पोर्ट काढून टाकले तरी त्याचा उल्लेख असलेल्या नोंदी स्विच स्वतःहून पुसत नाही, ही जबाबदारी कंट्रोलरची, हेही त्याच स्पेसिफिकेशनमध्ये आहे. दीर्घ मुदत हवीच असेल तर टाइमआउट ६५,५३५ सेकंदांपर्यंत, म्हणजे अठरा तासांहून थोडा अधिक ठेवता येतो. त्यासाठी शून्याची गरज नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या दाव्याला एकच उत्तर पुरते. हार्डवेअर स्विचमध्ये वाइल्डकार्ड नियम (पत्त्याचे काही भाग मोकळे सोडून अनेक प्रवाहांशी जुळणारे) टीकॅम या खास शोध-मेमरीत राहतात. ती महाग, वीजखाऊ आणि चिपमध्येच घडवलेली असते, त्यामुळे नंतर जोडता येत नाही. एचपीच्या ५४०६झेडएल स्विचमध्ये सुमारे १,५०० ओपनफ्लो नियम मावतात, अशी नोंद २०११ च्या डेव्होफ्लो शोधनिबंधात आहे. आजच्या चिपमध्ये जागा जास्त असते, पण प्रत्येक टीसीपी जोडणीला एक नोंद देण्याइतकी ती नसते. ओपन व्हीस्विचसारख्या सॉफ्टवेअर स्विचमध्ये नोंदी साध्या मेमरीत राहतात, एवढ्यापुरता चौथा दावा खरा. तरीही ओपन व्हीस्विच आपल्या डेटापाथमधील (पॅकेट प्रत्यक्ष पुढे ढकलणाऱ्या भागातील) निष्क्रिय नोंदी काही सेकंदांतच काढून टाकते.

म्हणून प्रवाहांच्या नोंदींना आयडल टाइमआउट द्यावा, एकाच वाटेने जाणारे प्रवाह एका वाइल्डकार्ड नियमात गुंडाळावेत, आणि कायमच्या नोंदींना ओळखीची कुकी (नोंदीला जोडलेला क्रमांक) द्यावी, म्हणजे त्या गटाने पुसता येतात. १.४ किंवा पुढची आवृत्ती असून स्विचमध्ये सोय असेल, तर टेबल भरत आल्याची सूचना देणाऱ्या व्हेकन्सी इव्हेंट सुरू कराव्यात. ती सोय नसेल, तर सक्रिय नोंदींची संख्या कंट्रोलरनेच ठरावीक अंतराने विचारत राहावी.